लिश्टनस्टाइन शेजाऱ्यांनी गिळून का टाकला नाही?

पश्चिमेला स्वित्झर्लंड, पूर्वेला ऑस्ट्रिया आणि मधे जेमतेम १६० चौरस किलोमीटरचा लिश्टनस्टाइन. हा देश टिकलाच कसा, असं तुम्ही विचारलंत. आल्प्सच्या डोंगरांनी वाचवलं, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. डोंगर आहेत ते पूर्वेला आणि दक्षिणेला. बहुतेक वस्ती ऱ्हाईनच्या सपाट काठाला लागून आहे आणि उत्तरेला ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्श गावाची वाट मोकळी आहे. १७९९ मध्ये फ्रेंच आणि ऑस्ट्रियन फौजा याच भागात लढत होत्या.

खरं कारण खरेदीखतात सापडतं. लिश्टनस्टाइन घराण्याकडे बोहेमिया-मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) अफाट जमिनी होत्या, पण त्या ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या ताब्याखालच्या. पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संस्थानांच्या साम्राज्याच्या, सभेत राजपुत्रांच्या पंक्तीला बसायचं, तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन हवी. इथल्या जमिनीचे तेव्हाचे मालक, होहेनेम्सचे सरदार, कर्जात बुडालेले होते. त्यांच्याकडून १६९९ मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२ मध्ये फाडुट्स (आजची राजधानी) विकत घेतलं गेलं. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सने दोन्ही जोडून संस्थान केलं. गंमत म्हणजे मालकांना या जमिनीची ओढ अशी नव्हतीच! गादीवर असलेला राजा इथे पहिल्यांदा आला तो १८४२ मध्ये.

पण त्यामुळे एक झालं. देशाचा धनी व्हिएन्ना दरबारातला वजनदार माणूस असल्यावर ऑस्ट्रियाने तो कशाला हिसकावून घ्यावा? १८०६ मध्ये नेपोलियनच्या छत्राखालच्या जर्मन संस्थानांच्या ऱ्हाईन संघात गेल्याने सार्वभौमत्वही पदरात पडलं. नंतर हा देश ज्या जर्मन संघात होता, तो १८६६ मध्ये मोडला आणि १८६८ मध्ये इथलं सैन्य बरखास्त झालं.

पुढचा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया कोसळला, तिथलं चलन मातीमोल झालं. लिश्टनस्टाइनने ऑस्ट्रियाशी असलेला जुना जकात करार मोडला आणि १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी नवा केला. स्विस फ्रँक तेव्हापासून आजतागायत चालतो. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातला, तोवर या देशाची आर्थिक नाळ पश्चिमेला जुळलेली होती. त्याच वर्षी इथले राजे दुसरे फ्रान्झ योसेफ फाडुट्सला कायमचे राहायला आले.

१९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने घराण्याच्या तिथल्या जमिनी जप्त केल्या. त्या या देशापेक्षा कित्येक पटींनी मोठ्या होत्या. त्या वादामुळे चेक प्रजासत्ताक आणि लिश्टनस्टाइन यांच्यात राजनैतिक संबंध जुळायला २००९ साल उजाडावं लागलं.