हॅरी पॉटर संपलं, आता काय?

प्रश्न: ताई, भाची नववीत आहे, हॅरी पॉटरचे ७ही भाग दोनदा वाचून झाले, अजून जादूचंच पाहिजे म्हणते. काय देऊ? – एक मामा, भुसावळ

उत्तर: मामा, आधी टॉल्किनचं ‘द हॉबिट’ द्या, १९३७ चं आहे पण अजून ताजं, बिल्बो अन् गॉलम अंधारात कोडी घालतात ते प्रकरण मी मे महिन्यात लाइट गेलेली असताना घराच्या धाब्यावर बॅटरी लावून वाचलेलं, डास फोडून खात होते तरी उठले नाही. मग ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, त्यात खरं नाव कळलं की त्या वस्तूवर ताबा मिळतो, आणि त्यातला पोरगा गेड शायनिंग मारायला जातो अन् एक सावली मागे लावून घेतो, नववीतल्या पोरांना हे बरोबर लागतं. मराठीत नाथमाधवांची अद्भुत कादंबरी ‘वीरधवल’. भाषा जुनी आहे, पहिली वीसेक पानं तुम्हीच वाचून दाखवा.