क्लायंटच्या कार्यालयात कंत्राटदाराने ठरावीक वेळेलाच हजर राहणे बंधनकारक असते का?

करारात आठवड्याला ४० तास एवढेच नमूद असताना क्लायंटचा व्यवस्थापक सकाळी नऊचाच आग्रह धरू शकतो का, हा तुमचा प्रश्न आहे. केवळ करार पाहिला तर उत्तर बहुधा नकारार्थी आहे. कामाच्या वेळा स्वतः ठरवता येणे हा स्वतंत्र कंत्राटदार आणि कर्मचारी यांच्यातील फरक ओळखण्याचा एक निकष अनेक देशांत मानला जातो, आणि म्हणूनच वेळेवर फार कडक नियंत्रण ठेवणे क्लायंटलाही कर व कामगार कायद्यांच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकते. तुम्ही एखाद्या एजन्सीच्या पगारावर असाल, तर मात्र हा युक्तिवाद टिकत नाही. वेळेचा विषय एजन्सीशीच बोलावा लागेल.

प्रत्यक्षात वाद बहुधा तासांचा नसतो, उपलब्धतेचा असतो. ज्या टीमचे बहुतेक निर्णय सकाळच्या बैठकीत होतात, तिला तुम्ही दुपारी येऊन रात्री नऊपर्यंत बसलात याचा फारसा उपयोग नसतो. शिवाय ते उशिरापर्यंतचे काम कोणी पाहिलेले नसल्यामुळे टाइमशीट मंजूर करताना शंका घेतली जाते (आणि ती कर्मचाऱ्यापेक्षा कंत्राटदाराच्या वाट्याला लवकर येते). त्यामुळे सर्वांनी हजर असण्याचा काळ, उदाहरणार्थ दहा ते चार, ईमेलवर लेखी ठरवून घ्यावा आणि उरलेले तास सोयीने भरावेत. प्रवासाचा व जेवणाचा वेळ बिलात धरायचा की नाही, हेही त्याच ईमेलमध्ये स्पष्ट करून घ्यावे. ठरलेल्या बैठकीला उशिरा पोहोचून कराराकडे बोट दाखवणे मात्र मला योग्य वाटत नाही.