झोपायची जागा आधी ठरव

पोरा,

परवा नागपूरजवळच्या वाडीच्या टपरीवर तू मोबाईलमधलं तुझ्या ट्रकच्या फेरीचं टाइमटेबल दाखवलंस. पाचला डिझेल, सहाला बुटीबोरी, अकराला आदिलाबाद, संध्याकाळी सातला हैदराबाद. वर रंगही भरले होते. सगळं वाचून मी एवढंच विचारलं, "झोपणार कुठे?" तू म्हणालास, "बघू काका, वेळ उरला तर." मी अर्धा चहा ठेवून उठलो. तुला वाटलं असेल, म्हातारा रागावला. रागावलोच होतो.

वेळ उरत नसतो, बापा. झोपायची जागा आधी ठरव, मग पोचायची वेळ सांग. मालकाला, व्यापाऱ्याला, घरच्यांना, सगळ्यांना मगच सांग.

तुझ्या हिशेबात तू किल्ली फिरवल्यापासून तास मोजलेत. त्याच्या आधीचे काऊन नाही मोजले? बारा वाजता गोडाऊनवर गाडी लावली, नंबर लागला चारला, हमालांनी माल भरला सातपर्यंत, मग वजनकाट्यावर लाइन, बिल्टी म्हणजे मालाची पावती, ताडपत्री, दोऱ्या. रात्रीचे नऊ. गाडी एक किलोमीटर चाललेली नाही आणि तू सकाळी सहापासून जागा आहेस. मालक म्हणतो, आता रस्ता मोकळा आहे, काढ गाडी. ताडपत्री बांधून झाली की तुझा दिवस संपला. तिथेच झोप. पहाटे चारला उठून निघ.

आणि ई-वे बिल, मालासोबतचा तो सरकारी कागद, कधी नीट वाचलंस का? त्यात दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत धरतात. हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. सरकारी कागद तुला तीन दिवस देतो आणि तू एका दिवसात पोचायला निघालास! गाडी बिघडली, मुदत संपत आली, तर ऑफिसला लगेच फोन कर. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, तेवढ्यात ती वाढवून मिळते. ह्याच्यासाठी जीव काढत पळायचं नसतं. १९६१ सालीच मोटार कामगारांच्या कायद्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती. मी लायसन्स काढलं तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं असतं का, देव जाणे.

मी का एवढा हटून बसतो, ते सांगतो. डिसेंबर होता, कळमन्यातून संत्री भरून रायपूरला निघालो होतो. नाशवंत माल, व्यापाऱ्याचे फोनावर फोन. प्रत्येकाला म्हणालो, "पोचतोच." क्लीनर पोराला म्हटलं, तू झोप, मी आहे. देवरीच्या पुढे पहाटे साडेतीनला डोळा लागला. किती वेळ, कोण जाणे. गाडी पुलियाच्या कठड्यावर डावीकडून घासत गेली आणि त्या पोराचा डावा पाय गेला. मला खरचटलंही नाही. रस्ताभर संत्री.

नंतर मी त्याच्या गावी एकदाच गेलो. त्याची आई चहा ठेवायला आत गेली आणि मी चहा न घेताच निघालो. काय सांगितलं माहीत आहे? "उशीर होतोय." त्या दिवशी माझ्याकडे पोचवायला मालाचं भाडंही नव्हतं.

त्यानंतर मी जागा ठरवल्याशिवाय गाडी काढली नाही. एका मालकाने त्यावरून काढून टाकलं. सहा महिने बदली ड्रायव्हर म्हणून फिरलो, घरात किराणा उधारीवर आला, बायको म्हणाली, तुमची झोप फार महागाची झाली. वाडीत मला कुंभकर्ण म्हणायचे. म्हणोत. मी चुकलो असेन असं अजूनही वाटत नाही. तिला मात्र वाटतं.

उन्हाळ्यात हे अवघड होतं, हे मान्य. मे महिन्यात दुपारी केबिनमध्ये झोप लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, पण तुझी गाडी त्याच्या आधीची. मग पहाटे चार ते अकरा चालव आणि सावलीला थांब. पण गाडीखाली चटई टाकायची नाही. कितीही गार वाटलं तरी नाही! दुसरा कोणी गाडी हलवेल, तुला कळणारही नाही.

आता तुझं हैदराबाद. पहाटे चारला निघालास तर टोल, चहा, हवा, जेवण धरून भरलेली गाडी चाळीसच्या सरासरीने जाईल. निर्मल साधारण दुपारी. तिथे उजेड असलेला, इतर गाड्या उभ्या असलेला पंप बघ, आणि पंपवाल्याला विचारून गाडी लाव. दुसऱ्या दिवशी शहराच्या बाहेर पोचून ट्रकांची नो एंट्री कधी उघडते ते ऑफिसला विचार. मालकाला आजच फोन कर: परवा माल उतरेल. ओरडेल तो. ओरडू दे, पण "बघतो" म्हणू नकोस, आणि "पोचतोच" तर मुळीच नाही.

ते रंगीत टाइमटेबल ठेव, चांगलं आहे. फक्त पहिल्या ओळीत झोपायची जागा लिही.

परत आलास की घरी ये. दोन ते चार सोडून. तेव्हा मी झोपलेला असतो.

तुझा काका