वाचकांचे प्रश्न : स्वमग्न मूल आणि दवाखाना

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), अजून बोलत नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तो रडून बेजार होतो, मग तपासूच देत नाही. महिनाभर तो कानावर बुक्क्या मारतोय. डॉक्टर म्हणतात, ‘ही मुलं अशीच असतात.’ डॉक्टर बदलावा का?

उत्तर : ते नंतर बघू, आधी कान तपासून घ्या. महिन्यापूर्वी नव्हतं ते आज दिसतंय, तर जुन्या निदानावर ते ढकलून चालत नाही. न बोलणारं मूल एकाएकी स्वतःला मारू लागलं की आधी दुखणं शोधायचं : कान, दात, घसा, बद्धकोष्ठता, छातीत-पोटात जळजळ. डॉक्टरांना मोघम ‘त्रास होतोय’ सांगू नका. ‘दोन्ही कान आणि दात आज बघाल का?’ असं नेमकं विचारा. सोबत मिनिटभराचा व्हिडिओ आणि आठवडाभराची नोंद न्या : केव्हा मारतो, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ चालतं, कशाने थांबतं. दवाखान्यात मूल नेमकं तसं वागेलच असं नाही, म्हणून व्हिडिओ.

नंबर दिवसातला पहिला मागा. तो नसेल तर बाहेर थांबतो, पाळी आली की फोन करा, असं रिसेप्शनवर आधीच ठरवून ठेवा. मुलाची माहिती एका पानावर लिहा : तो हो-नाही कसं दाखवतो, दुखलं तर काय करतो, कोणता आवाज वा स्पर्श सोसत नाही, कशाने शांत होतो, औषधं व डोस, अॅलर्जी, फिट येतात का. खाली तुमचे तीनच प्रश्न. हे पान आदल्या दिवशी पोचवा. जाडजूड फाइल ऐनवेळी टेबलावर ठेवली तर ती कोणी उघडत नाही.

घरी चार-पाच चित्रांची पट्टी करा : खुर्ची, स्टेथोस्कोप, कानात दिवा, शेवटी घरी परत. सुई असेल तर तिचंही चित्र लावा. ‘काही दुखणार नाही’ म्हणून नेलेलं मूल पुढच्या वेळी दारातच अडतं. रक्त काढायचं असेल तर लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं क्रीम डॉक्टरांना विचारून घ्या. ते किमान तासभर आधी लावून वर चिकटपट्टी लावावी लागते. प्रमाण वयावर आणि वजनावर ठरतं, अंदाजाने लावू नका. काही मुलांना सुईपेक्षा ती पट्टी सोलण्याचाच जास्त त्रास होतो, तेव्हा नुसती पट्टी आधी घरी लावून बघा.

एवढं करूनही कान बघितलाच नाही, तर डॉक्टर जरूर बदला. रिपोर्टच्या प्रती मात्र आधी मागून घ्या.

प्रश्न : आमच्या बालविकास केंद्रात पालक अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘उत्तम’ लिहितात, तरी अर्ध्यातून सोडून जातात. असं का?

उत्तर : ज्यांच्या हाती आपलं मूल आहे त्यांच्याच टेबलावर बसून ‘वाईट’ कोण लिहील? फॉर्म निनावी ठेवा आणि काही दिवसांनी पाठवा. ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न फार काही सांगत नाही, त्यावर बहुतेक जण चांगलेच गुण देतात. प्रत्यक्ष काय घडलं ते विचारा : तुमचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं का? घरी काय करायचं ते लिहून मिळालं का? दर वेळी तीच माहिती नव्याने सांगावी लागली का? ‘मेजर ऑफ प्रोसेसेस ऑफ केअर’ ही 20 प्रश्नांची प्रश्नावली याच धर्तीची आहे. तिच्यात सर्वसाधारण माहिती पुरवण्याच्या भागाला बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी गुण पडतात, म्हणून तुमची तपासणीही तिथूनच सुरू करा.

निदान सांगितल्यावर आठ-पंधरा दिवसांत दुसरी भेट ठेवा. ‘स्वमग्नता’ हे ऐकल्यानंतर त्या दिवशी पुढचं फारसं कानात शिरत नाही. आणि डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यात पालकांना निरोप्या करू नका. प्रत्येक मुलामागे केंद्रातल्या एकाचं नाव आणि फोन नंबर ठरवून द्या.