उन्हाळ्यात केक आणि बाग, दोन्ही सांभाळताना

अगं, एप्रिल-मेमध्ये ऑर्डर घेताना आधी घड्याळ बघ, मग वही. नाशिकची हवा थंड म्हणतात, पण या दिवसांत पारा ४० अंशांपर्यंत जातोच, आणि लोणी ३२ ते ३५ अंशांतच वितळतं. म्हणून मी ओव्हन पहाटे पाचला लावते. स्पंज गार होईस्तोवर बागेचं पाणी उरकतं.

क्रीमचं मात्र नीट ऐक. भांडं आणि बीटर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेव, फेटताना खाली बर्फ घे. बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक ताठ राहून जरासं वाकलं की थांब. पुढे फेटलंस तर कडेला रवाळ दिसायला लागतं. माझा लग्नाचा एक केक भर दुपारी मखमलाबादला नेताना एका बाजूने घसरला. नवरीच्या आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून दुपारी क्रीमचा केक मी घराबाहेर काढत नाही, त्या वेळेला नानकटाई नाहीतर आंब्याचा साधा केक सुचवते. आमरस आधी मंद आचेवर आटवून घे, नाहीतर केक मधोमध ओलाच राहतो.

बागेत वाफ्यांवर चार बोटं पालापाचोळा पसर, खोडाला चिकटू देऊ नकोस. पुदिन्याच्या कुंड्या सावलीत हलव. लग्नसराईत नवीन रोपं लावूच नकोस, त्यांच्याकडे बघणं होत नाही आणि जीव हळहळतो.

आणि एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी पहिली ऑर्डर घेण्याआधी कर.