वाचकांचे प्रश्न : डोक्याला मार लागला, रक्त नाही आलं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या इजेवर लेख छापला होता. हा फुटबॉल म्हणजे आपल्या पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला आडवं पाडायचा. लेखावर आलेली निम्मी पत्रं कबड्डी आणि कुस्तीबद्दलच आहेत, आणि ते बरंच झालं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (निपाणी) : भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या नादाने मीही रात्री जागून ‘एनएफएल’चे, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, सामने बघतो. एवढं जाड हेल्मेट, पुढे जाळी, आत गाद्या. तरी मेंदूला मार लागतोच कसा?

उत्तर : हेल्मेट कवटीसाठी असतं. एनएफएलने १९४३ साली ते सक्तीचं केलं. पुढे १९७३ साली त्याच्या चाचणीचं मानक ठरलं आणि कवटी फुटण्याचे प्रकार खूप कमी झाले. मेंदूची गोष्ट वेगळी. साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा हा मऊ गोळा कवटीत द्रवावर तरंगत असतो. जोरात पळणारा गडी धडकेने थांबतो तेव्हा कवटी थांबते, मेंदू मात्र क्षणभर पुढे जातो.

त्याहून वाईट असतो तो पीळ. धडक तिरकी बसली की डोकं झटक्यात वळतं. विरजलेल्या दह्याचं पातेलं असं झटक्यात फिरवून बघा : पातेल्याला काही होत नाही, दही मात्र कडेपासून तुटतं. मेंदूत तुटत नसले तरी चेतातंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हा तोल सावरायला पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. या अवस्थेला कन्कशन म्हणतात.

आतल्या गाद्या थांबण्याचा वेळ वाढवतात, म्हणजे दणका कमी करतात. तालमीतली लाल माती रोज खोदून भुसभुशीत करतात, तिचं कामही हेच. पण डोक्याचा पीळ गादीने फारसा थांबत नाही. वर हेल्मेटने एक खोड लावली : डोकं सुरक्षित वाटल्यामुळे गडी डोकंच पुढे घालून धडकू लागले. म्हणून २०१८ पासून डोकं खाली घालून धडक दिली की १५ यार्ड, म्हणजे जवळपास १४ मीटर, जागेचा दंड बसतो. हेल्मेटवर चढवायचं मऊ आवरण २०२२ मध्ये सराव शिबिरात काही जागांवरच्या खेळाडूंना सक्तीचं झालं, आणि २०२४ पासून सामन्यातही घालायची मुभा मिळाली. फुगल्यासारखं दिसणारं डोकं बघून तुम्हाला प्रश्न पडला असेल, तर ते हेच.

प्रश्न (क्रीडाशिक्षक, चिकोडी तालुका) : शालेय कबड्डीत मैदानावर डॉक्टर नसतो, स्ट्रेचर नसतं. साखळी पकडीत दोघांची डोकी आपटतात. मुलगा उठतो, “काही नाही सर” म्हणतो. पहिल्या दहा मिनिटांत मी नेमकं काय करावं?

उत्तर : “काही नाही सर” हे उत्तर धरूच नका. ज्या अवयवाने उत्तर द्यायचं, त्यालाच मार लागलेला आहे.

आधी मान. उचलायला चौघे धावतात, त्यांना थांबवा. मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, बोटं हलतात का, हे विचारा. यातलं काहीही असेल किंवा मुलगा शुद्धीवर नसेल, तर तो पडलाय तिथेच राहू द्या. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. उलटी होऊ लागली तर तिघाचौघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते. तोंडात पाणी घालू नका, गालावर चापट्या मारू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणारा कुणीतरी प्रत्येक मैदानावर असतो. त्याला गर्दी मागे हटवायच्या कामाला लावा.

मान ठीक असेल तर मुलाला बाजूला आणा आणि बघा. उठायला वेळ लागला का, पाय लटपटले का, नजर शून्यात आहे का, भलत्याच बाजूला चालला का, उत्तर द्यायला अडखळतो का. बेशुद्ध पडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कन्कशन झालेल्यांपैकी साधारण दहात एकच जण शुद्ध हरपतो. मग पाच प्रश्न विचारा : आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? याआधीचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? मूळ प्रश्न ऑस्ट्रेलियात तिथल्या फुटबॉलसाठी तयार झाले, कबड्डीला जसेच्या तसे चालतात. “आज वार कोणता” यापेक्षा ते उपयोगी, कारण वार सांगता येणारा मुलगाही मघाचा गुण विसरलेला असतो. एक उत्तर चुकलं तरी बाहेर. पण पाचही बरोबर आली आणि पाय मात्र लटपटत होते, तरीही बाहेरच. दहा मिनिटं सावलीत बसवून परत उतरवायचं नाही. त्या दिवसाचा त्याचा खेळ संपला.

एवढं कडक का, याचं उदाहरण एनएफएलचंच आहे. २५ सप्टेंबर २०२२ ला मायामी संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा गडी) टुआ टॅगोव्हायलोआ डोकं आपटून उठला आणि सगळ्यांसमोर लडखडला. पाठीच्या दुखण्याने तसं झालं असं सांगून त्याला परत खेळवलं. चारच दिवसांनी, २९ तारखेला, दुसऱ्या सामन्यात डोक्याला पुन्हा मार बसला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये नियम बदलला : तोल गेलेला दिसला की कारण काहीही सांगा, त्या दिवशी परत नाही. वीस वर्षांखालच्या मुलांना तर पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते, आणि ती जिवावर बेतते. कबड्डीत सात खेळतात, पाच राखीव बसलेले असतात. मग घाई कसली?

तिथला आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. ‘याला बाहेर काढा’ हे ठरवणारा माणूस संघाचा नसावा. एनएफएलच्या मैदानावर २०१३ पासून संघाशी संबंध नसलेला मेंदूविकारांचा जाणकार डॉक्टर असतो. वर काचेच्या खोलीत बसून व्हिडिओ बघणाऱ्या निरीक्षकाला २०१५ पासून खेळ थांबवायचा अधिकार आहे. तालुक्याच्या स्पर्धेत यातलं काय जमेल? दोन्ही संघांशी संबंध नसलेला एक शिक्षक सामन्याआधी ठरवा, पंचांना आणि दोन्ही प्रशिक्षकांना त्याचं नाव सांगा, आणि त्याने बाहेर काढलेल्यावर वाद घालायचा नाही हेही तेव्हाच ठरवा. चषक समोर असताना ठरवायला गेलात तर भांडण होणार.

घरी सोडताना पालकांना धोक्याच्या खुणा कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं घोळात विसरतं : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट येणं, दोन दोन दिसणं, एका बाजूचा हातपाय जड पडणं, चिडचिड किंवा बरळणं, वाढती गुंगी. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल तर मुलगा आधी शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि काही तासांनी कोसळतो. फसगत होते ती इथेच. सीटी स्कॅन होईल असं रात्रीही उघडं असणारं जवळचं रुग्णालय स्पर्धेआधीच हेरून ठेवा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणी-कागवाडच्या लोकांना मिरज-सांगली. अशा वेळी जिल्ह्याचं ठिकाण म्हणून बेळगावची वाट धरायचं कारण नाही.

प्रश्न (खानापूर) : भाऊ १९ वर्षांचा. सहा दिवसांपूर्वी चढाईत डॅश बसून डोकं आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आलं. तरी डोकं दुखतं, मोबाईल बघितला की वाढतं. मंडळाचा सामना रविवारी आहे.

उत्तर : रविवारी नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं. चेतातंतूंचा ताण आणि पेशींमधला गोंधळ त्यात दिसत नाही. ‘नॉर्मल’ याचा अर्थ ऑपरेशनची गरज नाही एवढाच. तो मंडळाला दाखवायचा फिटनेसचा दाखला नव्हे.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहणंही आता सांगत नाहीत. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती (पूर्ण पडून राहणं नव्हे), मोबाईल-टीव्ही कमी, मग हळूहळू हालचाल. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने खेळात परतायच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत. एका पायरीवर किमान २४ तास. पहिली, घरातली रोजची कामं. दुसरी, चालणं किंवा जागेवरची सायकल : भावाच्या वयाला नाडीचा कमाल वेग मिनिटाला साधारण २००, म्हणून आधी ११०च्या आत आणि तेवढं सोसलं तर १४०पर्यंत. तिसरी, एकट्याने पळणं, समोर कुणी नसताना चढाईची पावलं. इथवर डोकेदुखी किंचित वाढून तासाभरात ओसरत असेल तर चालतं. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण दिले आणि ते दोनपेक्षा जास्त वाढले तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघायचं. चौथी, संघाबरोबर पण धरपकड नसलेला सराव. ती त्रास पूर्ण गेल्यावरच, कष्ट केल्यावरसुद्धा डोकं दुखत नसेल तेव्हा. पाचवी, पकडीसह पूर्ण सराव. आधी डॉक्टरांना दाखवून लेखी परवानगी घ्या. सहावी, सामना. चौथीपासून पुढे कुठेही त्रास उलटला तर परत तिसरीवर.

बहुतेक मोठी माणसं दोनेक आठवड्यांत बरी होतात, लहान मुलांना चार आठवडेही लागतात. त्यापुढे गेलं तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. तोवर मोटारसायकल चालवू देऊ नका, आणि गोळी खाऊन दुखणं दाबून सराव तर मुळीच नको. विद्यार्थी असेल तर आधी वर्ग आणि अभ्यास पूर्ववत झाला पाहिजे, मैदान त्यानंतर.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : नातवाच्या डोक्याला लागलं तेव्हा रात्रभर झोपू दिलं नाही. बरोबर केलं ना?

उत्तर : आजी, काळजीने केलंत, पण झोप मोडायची गरज नसते. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेलं असेल आणि वरच्या खुणा नसतील तर झोपू द्यावं. पहिल्या रात्री मधूनमधून हाक मारून नीट ओळख देतो का ते बघा. दुखलं तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन मुलांना नकोच आणि आयब्युप्रोफेन पहिले एक-दोन दिवस टाळा, कारण आत कुठे रक्त येत असेल तर ते वाढू शकतं. झोपेची गोळी अजिबात नको, त्याने गुंगी औषधाची की माराची तेच कळत नाही.

प्रश्न (टिळकवाडी) : १११ खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत रोग सापडला असं वाचलं. म्हणजे खेळणाऱ्या प्रत्येकाला होतोच? आणि लीगने हे लपवलं का?

उत्तर : आकडा खरा आहे, अर्थ जपून काढायचा. बोस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू होते. ११० मध्ये सीटीई, म्हणजे वारंवारच्या आघातांमुळे होणारा मेंदूचा ऱ्हास, दिसला. पण ते मेंदू दान केलेले होते, आणि ज्या घरात माणसाची स्मृती गेली, स्वभाव बदलला, तेच कुटुंब दानाचा विचार करतं. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावातले आजारी मोजावेत तसं ते आहे. खरं प्रमाण यावरून काढता येत नाही. मात्र रोग खरा आहे आणि त्याचा संबंध आघातांशी आहे, एवढं नक्की. यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं. निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पक्कं होतं, त्यामुळे जिवंत माणसाची ‘सीटीई टेस्ट’ कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत हॅरिसन मार्टलँडने १९२८ मध्येच असं लिहून ठेवलं होतं. फुटबॉलपटूत ते पहिल्यांदा दाखवलं बेनेट ओमालू या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने. पिट्सबर्गचा खेळाडू माईक वेबस्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूवरचा लेख २००५ मध्ये आला. लीगची स्वतःची समिती १९९४ पासून होती, तिचा प्रमुख संधिवाताचा डॉक्टर, आणि ती समिती धोका कमी लेखत राहिली. सीटीईशी संबंध असल्याचं लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मान्य केलं ते २०१६ मध्ये. त्याआधीच हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले होते. २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड ठरली, न्यायाधीशांना रक्कम अपुरी वाटली, आणि शेवटी भरपाईवरची मर्यादाच काढावी लागली. लपवलं का याचा निवाडा कोर्टात झालाच नाही, तडजोड झाली. आमचं मत विचाराल तर माहिती समोर असताना तोंड फिरवणं हेही लपवण्यापेक्षा फार वेगळं नाही.

प्रश्न (शहापूर) : मुलगा नऊ वर्षांचा, आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या कोचिंगला जातो. हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) करू द्यावं का?

उत्तर : नको. अमेरिकेतल्या याच फुटबॉलच्या संघटनेने दहा वर्षांपर्यंत हेडिंग बंदच केलं आहे. अकरा ते तेरा वयात सरावातल्या हेडिंगला मर्यादा आहे : आठवड्याला अर्धा तास, पंधरा-वीस हेडर एवढंच. नऊ वर्षांच्या मुलाला चार नंबरचा चेंडू द्या, पाच नंबरचा नको, आणि हवा ठासून भरू नका.

प्रश्न (संकेश्वर) : ऑनलाइन मऊ ‘हेडगार्ड’ मिळतात. कबड्डी संघासाठी घ्यावेत?

उत्तर : खरचटणं आणि जखमा थोड्या कमी होतील. कन्कशन टळेल याचा भरवसा नाही. त्या पैशात चांगली मॅट आणि मैदानाकडेच्या खांबांना गाद्या येत असतील तर त्या आधी.

प्रश्न (हुक्केरी) : धडक नसलेला अमेरिकन फुटबॉल असतो का? शाळेत घ्यायचा आहे.

उत्तर : असतो. त्याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो आहे. एका बाजूला पाच जण. मैदान ५० यार्ड लांब, २५ रुंद, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा गोल-पट्टा. प्रत्येकाच्या कमरेला दोन बाजूंना दोन पट्ट्या लटकतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची एक पट्टी ओढून काढली की ती चाल तिथेच संपते. पट्ट्या झटक्याने सुटल्या पाहिजेत, म्हणून गाठ मारू नका. नाहीतर ओढाताणीत मुलगा पाठीवर पडतो आणि डोकं आपटतं.