केस-इन्सेन्सिटिव्ह तुलना: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: प्रोग्रॅमिंगच्या एका मराठी लेखात ‘प्रकरण-असंवेदनशील तुलना’ असं वाचलं. केस-इन्सेन्सिटिव्ह कम्पॅरिझनला हा प्रतिशब्द योग्य आहे का?

उत्तर: नाही. ‘प्रकरण’ तर साफ चुकलंय. कोर्टातली केस आणि व्याकरणातली केस, म्हणजे विभक्ती, या दोन्ही लॅटिन ‘कासुस’वरून आल्या. इथली केस म्हणजे पेटी, मूळ ‘काप्सा’. छापखान्यात इंग्रजी मजकुराचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवताना कॅपिटल अक्षरं वरच्या पेटीत आणि स्मॉल खालच्या पेटीत ठेवत, म्हणून अपरकेस आणि लोअरकेस.

‘असंवेदनशील’ही खटकतं. माणूस असंवेदनशील असतो, तुलना कशी असेल? ‘मोठी लिपी, लहान लिपी’ असंही काही जण लिहितात, पण लिपी रोमनच राहते, बदलतं ते अक्षराचं रूप. मी ‘कॅपिटल-स्मॉल भेद न मानता केलेली तुलना’ असं लिहितो. लांबलचक आहे खरं, पण वाचणारा अडत नाही.

शिवाय ‘भेद न मानता’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणता भेद, कुणाच्या नियमाने? आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतपद्धतीत, कॅपिटल ‘ए’ ६५ आणि स्मॉल ‘ए’ ९७. प्रत्येक जोडीत ३२चाच फरक, त्यामुळे इंग्रजीपुरतं काम सोपं. तुर्कीत मात्र टिंबवाला ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि प्रत्येकाचं कॅपिटल वेगळं. स्मॉलमध्ये लिहिलेला ‘टायटल’ हा इंग्रजी शब्द तुर्की नियमाने कॅपिटल केला, तर त्यातल्या ‘आय’वर टिंब राहतं आणि इंग्रजी ‘टायटल’शी तो जुळत नाही. जर्मनमधल्या ‘एसत्सेट’ या एका अक्षराचं कॅपिटल करताना सहसा दोन ‘एस’ होतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘लोअर’ (अक्षरं स्मॉल करणारं फंक्शन) त्याला हात लावत नाही, ‘केसफोल्ड’ (तुलनेसाठी कॅपिटल-स्मॉल भेद पुसणारं फंक्शन) मात्र त्याचे दोन स्मॉल ‘एस’ करतं. म्हणून तुलनेसाठी दोन्ही बाजूंना केसफोल्ड लावावं. नुसतं लोअर पुरत नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, तेव्हा मराठी मजकुराला केसफोल्ड लावून काही बदलत नाही. पण ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकच सलग अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन संकेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात. तिथे दोन्ही बाजूंचं आधी नॉर्मलायझेशन करायला हवं, म्हणजे दोन्ही एकाच प्रकारच्या संकेतांत आणायला हवं.